तारजोडणीचा मंद वेग : घरगुती जालातील दोषाच्या निदानाची पद्धती

१. प्रश्नाचे स्वरूप

आंतरजालाची जोडणी ही आज अभ्यासकाच्या मेजावरील ग्रंथाइतकीच नित्याची वस्तू झाली आहे. ही जोडणी घरी घेताना सेवा पुरविणारा अमुक इतक्या वेगाची ग्वाही देतो व त्या मानाने वर्गणीही आकारतो. परंतु प्रत्यक्ष मोजणी केली असता त्या वेगाचा तिसरा-चौथा हिस्साच पदरात पडतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यातही एक प्रकार विशेष चमत्कारिक वाटतो. समजा, वर्गणी ३०० मेगाबिटांची आहे. खोलीत बसून भ्रमणध्वनीवर वाय-फायने अडीचशेच्या आसपास वेग मिळतो. आणि त्याच राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर मात्र मोजणी ९४ च्या पुढे सरकत नाही. तार ही हवेपेक्षा भरवशाची, हा आपला समज येथे उलटा पडल्यासारखा दिसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. येथे आडात पाणी आहे, पोहराही मजबूत दिसतो, तरीही तो अर्धा रिकामा वर येतो.

असा अनुभव आल्यावर सामान्यतः तीन उपायांपैकी एकाचा अवलंब केला जातो : राउटर बदलणे, अधिक वर्गणीची योजना घेणे, किंवा सेवा पुरविणाराच बदलणे. तिन्ही उपाय खर्चाचे आहेत. आणि दोष कोठे आहे हे ठाऊक नसता केलेला कोणताही उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच प्रकार होय. प्रस्तुत लेखात उपकरणांची जंत्री देण्याचा हेतू नाही. मोजलेल्या आकड्यांवरून दोषाचे स्थान व स्वरूप यांचे अनुमान कसे करावे, आणि ते अनुमान कोठे फसू शकते, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे. घरातील हे लहानसे जाल म्हणजे प्रयोगशाळेबाहेरची एक प्रयोगमांडणीच असल्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यास या विचारापासून दुहेरी लाभ होईल.

२. एकक आणि अपेक्षा

निदानापूर्वी अपेक्षा निश्चित असावी लागते. सेवा पुरविणारे वेग बिटांत सांगतात. फाइल उतरवून घेणारी पुष्कळ साधने मात्र तो बाइटांत दाखवितात. एका बाइटात आठ बिट असतात. सबब १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास १२.५ मेगाबाइट ही कमाल मर्यादा होय. 'शंभराच्या जागी बाराच मिळतात' ही तक्रार पुष्कळदा एवढ्या भागाकारानेच निकालात निघते.

दुसरी गोष्ट अशी की, तारेवरून जाणारे सर्वच बिट आपले नसतात. इथरनेटच्या एका पूर्ण आकाराच्या फ्रेममध्ये १५०० बाइटांचा मजकूर जातो. परंतु त्याच्यासमवेत शीर्षकाचे १४, तपासणीचे ४, प्रास्ताविक संकेताचे ८ आणि दोन फ्रेममधील सक्तीच्या विश्रांतीचे १२, असे ३८ बाइट जादा खर्ची पडतात. म्हणजे तारेवरची जागा १५३८ बाइटांची. उलटपक्षी त्या १५०० पैकी आयपीचे २० व टीसीपीचे २० बाइट हे पत्त्याचे व पोचपावतीचे असतात; कालनोंद चालू असेल तर आणखी १२ जातात. उरतात १४४८. या दोहोंचे गुणोत्तर ०.९४१ येते. अर्थात १०० मेगाबिटांच्या दुव्यावर सुमारे ९४ आणि १००० मेगाबिटांच्या दुव्यावर सुमारे ९४१ मेगाबिट, ही निर्दोष अवस्थेतील मोजणी होय. हे दोन आकडे वाचकाने ध्यानात ठेवावेत. पुढील विवेचनात त्यांचे महत्त्व स्पष्ट होईल.

३. मार्गाचे विभाग व त्यांची तपासणी

संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंतच्या मार्गाचे सोयीसाठी चार भाग पाडता येतात : संगणक व त्यातील जोडणी-कार्ड, संगणकापासून राउटरपर्यंतची तार, तिची टोके व भिंतीतील सॉकेटे, राउटर व प्रकाशतंतूच्या टोकाचे उपकरण, आणि घराबाहेरचा मार्ग. मिळणारा वेग या चारांतील सर्वांत अरुंद भागाने ठरतो. इतर तीन भाग कितीही रुंद केले तरी त्यात कणभर वाढ होत नाही. वर्गणी वाढविण्याचा उपाय अनेकदा निष्फळ का ठरतो, याचे उत्तर यातच आहे. कारण तो केवळ चौथ्या भागास लागू पडतो.

सबब मार्ग दुभंगून पाहणे ही पहिली पायरी होय. याकरिता दोन मोजण्या पुरेशा आहेत. पहिली मोजणी केवळ घरातली : दोन संगणक राउटरला तारेने जोडावेत आणि 'आयपर्फ' यासारख्या मोफत साधनाने एकाकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवून वेग पाहावा. यात बाहेरच्या जगाचा काहीही संबंध येत नाही. दुसरी मोजणी संगणक आखूड व खात्रीच्या तारेने थेट राउटरला, आणि सेवेच्या शर्तींत बसत असेल तर थेट बाहेरून आलेल्या उपकरणास जोडून करावी.

पहिल्या मोजणीत ९४० च्या जवळपास आकडा आला तर संगणक व तारा यांवरील संशय बव्हंशी दूर होतो. बव्हंशी म्हणण्याचे कारण पाचव्या कलमात येईल. येथेच दुसरीही सावधगिरी सांगितली पाहिजे. राउटरच्या घरगुती बाजूच्या दोन सॉकेटांमधील वाहतूक ही त्यातील स्विचमधून परस्पर जाते; घरातील पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचे जे काम राउटरच्या प्रोसेसरकडे असते त्याची परीक्षा या मोजणीत होत नाही. जुन्या किंवा स्वस्त राउटरमध्ये वाहतुकीवर देखरेख ठेवण्याच्या सोयी चालू केल्या असता हे काम मंदावते. त्याची परीक्षा दुसऱ्या मोजणीनेच होऊ शकते.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलापूर्वीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवावा, हा नियम येथेही प्रयोगशाळेइतकाच अनुल्लंघनीय आहे. तार, सॉकेट आणि राउटर ही तिन्ही एकाच दिवशी बदलणाऱ्याचा वेग कदाचित सुधारेल. दोष कशात होता हे मात्र त्याला कधीच कळणार नाही.

४. चौऱ्याण्णव या आकड्याचा अर्थ

आता प्रारंभी सांगितलेल्या चमत्काराकडे वळू. मोजणी पुनःपुन्हा ९४ च्या आसपासच येत असेल, तर तो अपघात नसून लक्षण आहे : संगणक व राउटर यांमधील दुवा १००० ऐवजी १०० मेगाबिटांवर ठरलेला आहे, आणि त्या मर्यादेत तो उत्कृष्ट चालला आहे.

हे कसे घडते हे समजण्यासाठी तारेची रचना पाहिली पाहिजे. लॅनच्या तारेत आठ तारा असतात व त्या दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या १०० मेगाबिटांच्या पद्धतीत यांपैकी दोनच जोड्या कामी येतात. एक पाठविण्यास व एक घेण्यास. १९९९ मध्ये प्रमाणित झालेली १००० मेगाबिटांची पद्धत मात्र चारही जोड्या वापरते आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संकेत धाडते. लक्षणीय गोष्ट अशी की, दोन्ही पद्धतींत एका जोडीवरून सेकंदास जाणाऱ्या चिन्हांची संख्या तीच, म्हणजे १२.५ कोटी, आहे. वेगाची दसपट वाढ ही मुख्यतः अधिक जोड्या, दुहेरी वाहतूक व प्रत्येक चिन्हात भरलेला अधिक अर्थ यांतून साधलेली आहे.

यावरून दोषाचे स्वरूप उलगडते. दोन्ही टोकांची उपकरणे जोडणी होताच आपापली कुवत एकमेकांस कळवून सर्वांत मोठा समान वेग ठरवितात. ही देवघेव पहिल्या दोन जोड्यांवरूनच होते. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एक जरी तार तुटली असेल, अथवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर उपकरणे १००० चा करार करतात खरी. परंतु प्रत्यक्ष दुवा उभा राहत नाही. अशा वेळी कित्येक उपकरणे काही प्रयत्नांनंतर आपण होऊन १०० वर उतरतात. जोडणी तुटत नाही, दिवा लागलेलाच राहतो, आणि वापरणाऱ्यास काही बिघडल्याची जाणीवही होत नाही. वाय-फायला या आठ तारांशी कर्तव्य नसल्याने तिचा वेग अबाधित राहतो. चमत्काराचे रहस्य एवढेच.

दुवा किती वेगावर ठरला आहे हे विंडोजमध्ये जोडणीच्या माहितीत, लिनक्सवर 'इथटूल' या आज्ञेने, आणि पुष्कळ राउटरांच्या माहितीपृष्ठावर दिसते. तेथे १०० असे असेल तर वेगमापनाची अन्य खटपट करण्यापूर्वी तार बदलून पाहावी. तार बदलूनही आकडा तोच राहिला, तर कोणत्या तरी एका उपकरणाचे सॉकेटच १०० मेगाबिटांचे आहे काय, हे पाहावे. स्वस्त राउटर, जुने स्विच आणि प्रकाशतंतूच्या टोकाची काही उपकरणे अशी असतात.

५. लहान गळती, मोठी हानी

मोजणी ९४ वर स्थिर नसून कधी ७०, कधी १५, कधी २०० अशी हेलकावत असेल, तर कारण निराळे असते. दुवा १००० वरच आहे, पण काही फ्रेम वाटेत बिघडत आहेत. इथरनेटमध्ये तपासणीच्या ४ बाइटांवरून बिघडलेली फ्रेम ओळखली जाते आणि निमूटपणे टाकून दिली जाते. ती पुन्हा पाठविण्याचे काम इथरनेट करीत नाही. वाय-फाय मात्र पोच न मिळालेली फ्रेम स्वतःच पुन्हा पाठविते. सदोष तार ही सदोष हवेपेक्षा वाईट ठरण्याचे हे दुसरे कारण होय.

टाकून दिलेल्या फ्रेमचा उलगडा अखेर टीसीपीला करावा लागतो. आणि टीसीपी हानीचा अर्थ 'मार्गावर गर्दी झाली' असा लावून आपला वेग कमी करते. हा अर्थ लावण्यामागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ या सुमारे ४०० यार्ड अंतरावरील दोन स्थळांमधील वहन सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. गर्दी असतानाही प्रत्येक जण हरवलेले पॅकेट पुनःपुन्हा पाठवीत राहिल्याचा तो परिणाम होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपायाने टीसीपीला माघार घेण्याची शिस्त लागली. ती शिस्त गर्दीसाठी योग्य आहे. तुटक्या तारेच्या बाबतीत मात्र तिचा जाच होतो.

या जाचाचे परिमाण मॅथिस, सेम्के, महदवी व ऑट यांनी १९९७ मध्ये एका सुटसुटीत सूत्रात मांडले. वेग हा खंडाच्या आकारमानाच्या सम प्रमाणात, जाऊन-येऊन लागणाऱ्या काळाच्या व्यस्त प्रमाणात आणि हानीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. गुणक सुमारे १.२२. समजा, दहा हजारांत एक फ्रेम हरवते. खंड १४६० बाइटांचा आणि फेरीचा काळ २० मिलिसेकंद असेल, तर वेग सुमारे ७१ मेगाबिट येतो. फेरीचा काळ २०० मिलिसेकंद, म्हणजे समुद्रापलीकडील सर्व्हरशी साधारणतः पडतो तेवढा, असेल तर तोच वेग सुमारे ७ मेगाबिटांवर येतो. याउलट घरातल्या घरात, फेरीचा काळ १ मिलिसेकंद धरला, तर सूत्र १४०० च्या वरचा आकडा देते. म्हणजे दुवा पूर्ण वेगाने चालतो. आजच्या यंत्रणांतील टीसीपीच्या रीती १९९७ नंतर सुधारल्या असल्याने हे आकडे तंतोतंत येणार नाहीत. परंतु त्यांची दिशा तीच राहते.

या हिशेबातून निदानाच्या दृष्टीने दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. पहिला असा की, तिसऱ्या कलमातील घरगुती मोजणी निर्दोष आली तरी तार निर्दोष असेलच असे नाही. अल्प हानी ही जवळच्या मोजणीत लपते व दूरच्या कामात प्रकट होते. दुसरा असा की, वेग मोजणारी बहुतेक साधने एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात. वरील उदाहरणात २० मिलिसेकंदांवरील आठ जोडण्यांची बेरीज साडेपाचशेच्या वर जाईल आणि ३०० ची वर्गणी 'पूर्ण' मिळत असल्याचे दिसेल. तथापि परदेशी संग्रहातून एखादा मोठा माहितीसंच एकाच जोडणीने उतरवून घेणारा संशोधक मात्र तासन्‌तास तिष्ठत बसेल, आणि मापक त्याच्या तक्रारीस खोटे ठरवील. अशा वेळी वेगाच्या आकड्यावर विसंबून न राहता उपकरणाने ठेवलेली चुकांची मोजदाद पाहावी. १००० मेगाबिटांच्या मानकात एक हजार कोटी बिटांत एक चूक एवढीच मुभा आहे. म्हणजे सुमारे आठ लाख पूर्ण फ्रेमांत एक. चुकांचा आकडा मिनिटागणिक वाढताना दिसला, तर तार, प्लग व सॉकेट यांचीच कसून तपासणी करावी.

या चुकांची नेहमीची कारणे तारेच्या टोकाशी सापडतात. पीळ हा संकेताचे रक्षण करतो. प्लग बसविताना तो १३ मिलिमीटरांहून अधिक उकलू नये, असा संकेत आहे. रंगांचा क्रमही निरर्थक नाही. प्रचलित क्रमात नारिंगी जोडी १ व २ वर, हिरवी ३ व ६ वर, निळी ४ व ५ वर आणि तपकिरी ७ व ८ वर येते. एखादा कारागीर दोन्ही टोकांस जोड्या ओळीने, म्हणजे १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा, बसवितो. दिव्यांच्या साध्या परीक्षकावर आठही दिवे क्रमाने लागतात, कारण तो केवळ अखंडता पाहतो. प्रत्यक्षात ३ व ६ वरील संकेत दोन वेगवेगळ्या जोड्यांतील तारांवर वाटला जातो, पिळाचा उपयोग नाहीसा होतो आणि शेजारच्या जोडीचा संकेत त्यात झिरपतो. आखूड तारेत हा दोष खपून जातो. लांब तारेत उघडा पडतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार, गच्चीवरील स्विचपासून खालच्या मजल्यापर्यंत ओढलेली १०० मीटरांपेक्षा लांब तार, आणि पावसाचे पाणी शिरून गंजलेले सांधे, हीही कारणे ध्यानात घ्यावीत. विजेच्या तारांच्याच नळीतून लॅनची तार नेण्याचा प्रघात तर वेगापेक्षाही सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याज्य होय.

६. एकतर्फी सक्ती

एक जुना दोष आजही क्वचित आढळतो. कोणी तरी वेग 'पक्का' करण्याच्या हेतूने एका टोकास १०० व फुल ड्युप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक, असे हाताने ठरवून ठेवतो. दुसरे टोक स्वयंचलितच राहते. पहिले टोक आपली कुवत कळवीत नाही. दुसऱ्यास संकेतावरून १०० एवढे कळते, परंतु नियमाप्रमाणे त्याला हाफ ड्युप्लेक्स, म्हणजे आळीपाळीची वाहतूक, गृहीत धरावी लागते. एक जण बोलताना ऐकण्यास बांधलेला नाही, दुसरा समोरचा बोलू लागताच आपले बोलणे तोडतो, अशी स्थिती होते. एकेक लहान पॅकेट धाडून पाहिले तर सर्व आलबेल दिसते. भार पडताच वेग कोसळतो. उपाय साधा आहे : दोन्ही टोके स्वयंचलित ठेवावीत. १००० मेगाबिटांच्या पद्धतीत ही आपसांतली ठरवाठरव अनिवार्यच केलेली आहे.

७. वेळेवर अवलंबून असणारा मंदपणा

तारेला घड्याळ कळत नाही. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री नऊला तिसरा हिस्सा, असे रोज होत असेल, तर दोष तारेत शोधणे व्यर्थ होय. प्रकाशतंतूच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरील सुमारे २.५ गिगाबिटांची आवक सामान्यतः ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटली जाते, आणि त्यापुढचे मार्गही सामायिकच असतात. परंतु हा दोष बाहेरच्यांवर टाकण्यापूर्वी घरातली इतर सर्व उपकरणे बंद करून मोजणी करावी. कारण रात्र ही घरच्यांच्याही वापराची वेळ असते.

विशेषतः वर जाणारी वाहतूक दुर्लक्षित राहते. समजा, जावक वेग २० मेगाबिट आहे आणि कोणाच्या भ्रमणध्वनीतून शेकडो छायाचित्रे आपोआप वर चढत आहेत. राउटरच्या रांगेत दहा लाख बाइट साठण्याची सोय असेल, तर रांगेच्या शेवटी आलेल्या पॅकेटास ०.४ सेकंद थांबावे लागते. उतरणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही याच रांगेत उभ्या राहतात; परिणामी उतरण्याचा वेगही घसरतो आणि दृश्य संभाषणात वाक्ये तुटू लागतात. जावक मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित खाली बांधणे, अथवा कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचविलेल्या 'कोडेल' पद्धतीने रांग आखूड ठेवणारा राउटर वापरणे, हे यावरील उपाय होत.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. प्रथम एकक तपासावे. नंतर दुवा १०० वर ठरला आहे की १००० वर, हे पाहावे. त्यानंतर घरातील व बाहेरील मोजणी वेगळी करावी. मग चुकांची मोजदाद, आणि शेवटी दिवसाच्या वेळेशी असलेला संबंध पाहावा. या क्रमातील पहिल्या चार पायऱ्यांस एखाद्या चांगल्या तारेखेरीज काहीही खर्च येत नाही, आणि त्या ओलांडल्याशिवाय राउटरवर किंवा वर्गणीवर पैसा घालू नये.

या क्रमाने गेलेल्या ग्राहकाची तक्रारही निराळ्या मोलाची होते. 'वेग मिळत नाही' या विधानावर सेवा पुरविणाऱ्यापाशी तयार उत्तर असते. 'थेट जोडणीवर, खात्रीच्या तारेने, दुवा १००० वर असताना, चुकांची मोजदाद शून्य असताना, सात दिवस रात्री नऊ वाजता घेतलेली ही मोजणी' असे विधान मात्र टाळता येत नाही. एकाच आकड्याला अनेक कारणे असू शकतात. म्हणून आकड्याहून अधिक भर तो कोणत्या परिस्थितीत मोजला यावर द्यावा लागतो. विज्ञानाच्या अभ्यासकास हे तत्त्व नवीन नाही. ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्याशी न ठेवता घरापर्यंत नेले पाहिजे, एवढेच.